चिमण्या जेवल्या का?

आमच्या घरात बारसं, लग्न, बढती, मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि मरण, हे सगळं नोव्हेंबरात होतं. म्हणजे व्हायचं तेव्हा ते होतंच, त्याला कोणाचा इलाज नाही. पण ‘झालं’ असं आम्ही धरतो ते नोव्हेंबरात. माझे वडील चैत्रात गेले आणि आम्ही त्यांना निरोप दिला कार्तिकात. मुलीचं लग्न वैशाखात झालं, आणि ते अजून व्हायचंय. हसू आलं तर मोकळेपणाने हसा. नागपूरकडचे आमचे नातेवाईक रायपूर राजधानी झाल्यापासून हसताहेत, अजून कोणाचं काही बिघडलेलं नाही.

आज गोलबाजारात गेलो होतो. नव्या रायपूरहून जुन्या रायपुरात जाणाऱ्या बसमध्ये मी, ड्रायव्हर, कंडक्टर आणि पुष्कळशा सीटा होत्या. बाहेर सहा पदरी रस्ता, दुतर्फा फुललेली बोगनवेल आणि ती बघायला कोणीही नाही. जुन्या शहराच्या कडेला बस शिरली आणि खिडकीतून तो वास आला. नव्या धानाचा. थोडा दुधाचा, थोडा धुळीचा, थोडा उन्हात टाकलेल्या गोधडीचा. या वासाला अजून कोणी बाटलीत भरलेलं नाही, हे छत्तीसगढचं नशीब.

बाजाराच्या तोंडाशी बाया ओळीने बसल्या होत्या. पुढ्यात धानाच्या झालरी. पिकलेल्या लोंब्या देठासकट विणून वर जाळीदार गोल करतात, खाली सोनेरी घोस लोंबतात, दाराला टांगायच्या. दिवाळीच्या आगेमागे, नवं धान घरात आलं की, इथे दारोदार त्या दिसतात. मी वाकून बघायला लागलो तशी एक बाई म्हणाली, “कतका झन हव घर मा?” घरात किती जण?

“एक झन,” मी म्हटलं.

“त छोटे वाला ले ले.”

तिचा हिशेब चुकीचा नव्हता. तरी मी मोठी उचलली. म्हटलं, “बिहाव के आय.” लग्नाची आहे.

“काकर बिहाव?”

“नोनी के.” मुलीचं.

“कब हे?”

“होगे हे.” होऊन गेलं.

बाईने माझ्याकडे नीट बघितलं. मग शेजारणीकडे बघितलं. मग झालर वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. आमच्या घराण्याची रीत एका अनोळखी माणसाला पटवून द्यायचा माझा हा कितवा तरी प्रयत्न, आणि नेहमीप्रमाणे फसलेला.

*

रीत सुरू झाली ती नवं राज्य झालं त्या नोव्हेंबरात.

त्या महिन्याचा पहिला वास ओल्या रंगाचा. सरकारी पाट्यांवरचं ‘मध्यप्रदेश’ खरवडून ‘छत्तीसगढ’ लिहिणं चाललं होतं. पेंटर शिडीवर, खाली साहेब लोक मान वर करून, आणि अक्षर वाळायच्या आत कोणीतरी त्याला हात लावून बघणारच. भोपाळहून फायली ट्रकमधून येत होत्या आणि फायलींमागोमाग आम्ही, म्हणजे वाट्याला आलेले कर्मचारी. मी लिपिक. माझं टेबल आधी आलं, खुर्ची बऱ्याच दिवसांनी आली. मधल्या काळात मी टेबलावर बसून राज्य चालवलं.

राजधानी झालेल्या गावात राहायला खोली मिळेना. तात्यापाऱ्यात मराठी माणसं, म्हणून आधी तिकडे फिरलो. मराठी माणसांनी चहा दिला, पत्ते दिले, खोली काही दिली नाही. शेवटी पुरानी बस्तीत सहोद्रा दाईंच्या घरी पुढच्या दोन खोल्या मिळाल्या. कौलारू घर, दारासमोर एवढीशी गल्ली, गल्लीवरून विजेची तार आणि तारेवर चिमण्या. दाई, म्हणजे इकडची ‘आई’, एकट्याच राहत, मागे दोन गाई. मी, बायको सुनंदा, तीन महिन्यांची मुलगी आणि नागपूरहून आलेले बाबा, असे आम्ही त्या खोल्यांत मावलो.

मुलीला अजून नाव नव्हतं. धावपळीत राहून गेलेलं. सगळे तिला ‘पोट्टी’ म्हणत आणि ती त्याला ओ द्यायला लागली होती. ते बघून सुनंदाचं डोकं फिरलं. ती अमरावतीची, शाळेत गणित शिकवणारी. तिला उत्तर लागायचं.

“मामाजी,” ती सासऱ्यांना म्हणाली, “पोट्टीचं काही करसान का नाही? राज्याचं नाव ठेवून झालं, म्हनून घरातलं सुटलं का?”

बाबा रेल्वेत सहायक स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. पूजाअर्चा त्यांनी कधी केली नाही. “पूजा नोको, सुनबाई,” ते म्हणाले. “माही देवाशी काही दुश्मनी नाही. त्याची अन् माही ड्युटी अलग हाये.”

“मंग काय नुसतं हजेरीत चढवल्यावानी नाव घ्याचं?”

“काहून नुसतं? गोडाचं करू. बसू सगळे. हा दोन शब्द बोलंन.”

‘हा’ म्हणजे मी. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी नेमणूक अशी एका सर्वनामाने झाली. दोन शब्द बोलायला सांगितलं की माझे किती होतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. मला तर अजूनही नाही.

त्या सकाळी सुनंदाने शिरा केला. मी इस्त्रीचा शर्ट घातला. आणि आम्ही बसणार एवढ्यात सहोद्रा दाई आल्या, हातात धानाची झालर. कोणाला न विचारता स्टुलावर चढल्या आणि आमच्या चौकटीच्या खिळ्याला ती बांधायला लागल्या.

बाबा सावध झाले. “बाई, हे कोन्या देवाचं हाये?”

दाई वरूनच म्हणाल्या, “देव के नो हे. चिरई मन बर आय. नवा धान आइस हे त चिरई मन घलो खाहीं.” देवाचं नाही, चिमण्यांसाठी आहे. नवं धान आलं तर त्याही खातील.

बाबांनी नारळाविरुद्ध, अक्षतांविरुद्ध, मुहूर्ताविरुद्ध सगळी उत्तरं तयार ठेवलेली होती. चिमण्यांविरुद्ध त्यांच्याकडे काहीच नव्हतं. ते म्हणाले, “राहू द्या.”

मग मी उठलो. राज्याच्या निर्मितीपासून सुरुवात केली. आमचं घराणं वऱ्हाडातून नागपूरला, तिथून भोपाळला आणि तिथून इथे कसं आलं, तिकडे वळलो. हातवारे करत होतो. तारेवर चिमण्या जमल्या होत्या. एखादी झेपावायची, माझा हात वर गेला की परत तारेवर. शिरा निवत होता. पोट्टी झोपली होती. तेव्हा सुनंदा ते वाक्य पहिल्यांदा बोलली.

“अवो, आटोपा आता. चिमण्या वाट पाहून राहिल्या.”

मी बसलो. बाबांनी घसा खाकरला आणि ‘जुई’ एवढंच म्हटलं, स्टेशनचं नाव पुकारावं तसं. सगळे आत सरकले, आणि मग त्या आल्या. आधी एक, तिरकी लटकून. मग चार. मग एवढा कलकलाट की पोट्टी, म्हणजे आता जुई, जागी झाली. बाबांनी दिवसभर दार सोडलं नाही. उन्हं कलली तेव्हा खाली टरफलांचा सडा होता आणि वर नुसती काडी. बाबांनी घड्याळ बघितलं.

“झालं,” ते म्हणाले. “पोट्टीले नाव लागलं.”

*

देवाशिवाय समारंभ करायचा तर एकच अडचण असते, आणि ती मला फार उशिरा कळली. सुरुवात कोणीही करू शकतं. संपलं हे कोण सांगणार? पूजेत गुरुजी सांगतात, बाकी सगळे उठतात आणि चपला शोधतात. आमच्याकडे ते काम चिमण्यांनी घेतलं. झालर टांगली म्हणजे सुरू झालं; दाणे संपले म्हणजे झालं. मधला वेळ त्यांचा.

पण झालर मिळते ती नव्या धानाच्या दिवसांतच. म्हणून वर्षभराचं सगळं आम्ही नोव्हेंबरापर्यंत तुंबवून ठेवायला लागलो. जुई मे महिन्यात पास झाली की सुनंदा म्हणायची, “अभिनंदन कार्तिकात.” कधी दोन-दोन कारणं साठायची. दोन झालरी बाजूबाजूला टांगू, असं मी सुचवलं, तर बाबांनी मला रेल्वेत भरती केल्यासारखं समजावलं. “एका ब्लॉकमंदी एकच गाडी. ते गेल्याबिगर दुसरीले लाइन क्लियर नाही भेटत. नाही त चिमण्या कोणाचं खाऊन राहिल्या, हे कसं समजंन?”

एका दारावर एकच झालर. एक खाऊन झाल्याशिवाय दुसरी नाही. बाबांच्या मोतीबिंदूची आधी लागली, कारण त्यांना ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. माझ्या बढतीची मागून. बढतीसाठी सुनंदाने इतकी लहान झालर आणली की चिमण्यांनी ती चहाच्या वेळेत संपवली.

“एवढीशी?” मी म्हटलं.

“बढती पाहून आनली,” ती म्हणाली.

आणि प्रत्येक वेळी मी बोललो. जुईची दहावी, आमचं पहिलं गॅस कनेक्शन, सुनंदाची शाळेतली नोकरी पक्की झाली ती. प्रत्येक वेळी रंगात आलो की मागून तेच वाक्य. काही वर्षांनी तर मी त्याच्यासाठीच थांबायचो. तिने म्हणेपर्यंत बोलत राहायचं आणि तिने म्हटलं की बसायचं. भाषण कसं संपवायचं हे मला शिकावंच लागलं नाही.

बाबा गेले तेव्हा नागपूरची आत्या, त्यांची धाकटी बहीण, फोनवर कडाडली. “अबे, मानूस मेला चैतात अन् चिमण्या जेवतीन कार्तिकात? मधातले महिने माहा भाऊ काय वेटिंग रूममंदी बसून राहील?”

मी म्हटलं, “आत्या, त्यांना वेटिंग रूम आवडायची.”

मग फोनवर तिचं रडणं ऐकू आलं, आणि थोड्या वेळाने हसणं. त्या कार्तिकात ती स्वतः आली आणि बाबांच्या झालरीखाली खुर्ची टाकून बसली. एकही चिमणी उडवली नाही तिने. पाय अवघडले तरी हलली नाही. तेव्हापासून दर नोव्हेंबरात तिचा फोन येतो. कसा आहेस वगैरे नाही, थेट विचारते: “चिमण्या जेवल्या का?”

*

पुढे शासनाने नवी राजधानी बांधली. म्हणजे नव्या राजधानीच्या बाहेर आणखी एक नवी. कार्यालयं तिकडे गेली. सहोद्रा दाई तोवर राहिल्या नव्हत्या, त्यांच्या पुतण्याने घर पाडून खाली दुकानं काढली होती. आम्हीही इकडे चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जुई शिकायला पुण्याला गेलेली, तिकडेच नोकरीला लागली. घरात आम्ही दोघं, आणि खिडकीबाहेर आखीव रिकामेपण. संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागतात. रस्ता लांबवर उजळतो, आणि त्याच्यावरून कुत्रंही जात नाही.

नाही म्हणायला कबुतरं होती. सुनंदाचं आणि त्यांचं पहिल्या आठवड्यातच वाजलं. धुतलेल्या कपड्यांवर, कुंड्यांत, तिने वाळत टाकलेल्या कुरडयांवर. ती लाटणं घेऊन बाल्कनीत उभी राहायची. “वर्गात पन्नास पोट्टे गप्प बसवले म्या,” ती सांगायची, “अन् हे गुटरगूं मले आयकत नाहीत.” शेवटी तिने माणूस बोलावला आणि बाल्कनीला वरपासून खालपर्यंत जाळी ठोकून घेतली. बारीक नायलॉनची, लांबून दिसतही नाही अशी. पहिल्या दिवशी एक कबुतर येऊन जाळीवर आपटलं आणि अपमान झाल्यासारखं निघून गेलं. सुनंदाने मला हाक मारून ते दाखवलं. इतकी खूश मी तिला माझ्या बढतीलाही बघितली नव्हती.

तिचा तो विजय तिला फार दिवस भोगता आला नाही. गेल्या वर्षी श्रावणात ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि तिथूनच ती गेली. मधे एकदा शुद्धीत असताना म्हणाली, “माह्यामागं तमाशा नोको. झालर बांधा. अन् भाषन लहान ठेवा.”

जुई आली, राहिली, गेली. कार्तिक आला. मी गोलबाजारातून झालर आणली. आमचं मुख्य दार आतल्या कॉरिडॉरमध्ये उघडतं, तिथे चिमणी कशाला येईल. म्हणून बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीच्या हुकाला ती बांधली. जुईला रजा नव्हती, ती फोनच्या पडद्यावर होती. फोन कुंडीला टेकवून उभा केला. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बोलायला लागलो.

अमरावतीपासून सुरुवात केली. तिच्या माहेरच्या अंगणापासून. पुरानी बस्तीतल्या चुलीच्या धुरापर्यंत आलो, तिच्या लाल शाईपर्यंत आलो, लाटण्यापर्यंत आलो. मग तिथून पुढे कुठे जायचं ते कळेना. थांबायचं म्हटलं तर थांबता येईना. मधेच फोनचं नेटवर्क गेलं आणि पडद्यावर जुईचा चेहरा एका जागी गोठला, तोंड अर्धवट उघडं, काही म्हणायला निघालेलं. मी बोलतच होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मधे कोणी तोडलं नाही. शेवटी घसा बसला तेव्हा भाषण संपलं. अशाने संपतं होय, असं मनात आलं.

मग आत जाऊन वाट बघत बसलो.

चिमण्या आल्या नाहीत. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. आत्याने विचारलं, मी म्हटलं, “नवी जागा आहे, चौथा मजला आहे. येतील.” थंडी गेली. उन्हाळ्यात धुळीचे लोट आले, झालरीचं सोनं उतरून ती मातकट झाली. पावसाळ्यात तिला दमट वास यायला लागला. एकही दाणा कमी झाला नाही. रोज सकाळी चहा घेऊन मी तिच्याखाली उभा राहायचो. तिच्याशी बोलायचो असं नाही. एवढंही नाटक मला जमत नाही. पण ‘आज दूध नासलं’, ‘खालच्या मजल्यावर भाडेकरू आले’, असं काही तिच्या दिशेने तोंडून निघायचं. झालर वाऱ्याने हलायची. कार्यक्रम सुरूच होता. सुनंदा, आमच्या रीतीप्रमाणे, अजून गेली नव्हती.

*

वैशाखात पुण्याला जुईचं नोंदणी लग्न झालं. जावई केरळचा, मुलगा गोड आहे, मराठी आणि हिंदी दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने चुकीची बोलतो. मी साक्षीदार म्हणून सही केली, हार घातले, हॉटेलात जेवलो. त्याच्या आईने मला विचारलं, तुमच्याकडचा विधी कधी? मी म्हटलं, नवं धान आलं की. त्या शेतीवाल्या घरातल्या. त्यांना यात काहीच चमत्कारिक वाटलं नाही. आमच्या रीतीला मिळालेली ती पहिली सन्माननीय मान्यता.

जुई जन्मापासून मराठी ऐकत आली आणि हिंदीत उत्तर देत आली. निघताना गळ्यात पडून म्हणाली, “असली वाला तो नवंबर में होगा ना, पापा?”

आणि आता नोव्हेंबर आला. दिवाळीपासून तिचा फोन: टिकट कब की करूँ? दोघांनी रजा मागून ठेवलीय, तारीख हवी. मी म्हणायचो, सांगतो. बाबांचा नियम तिला माझ्याइतकाच पाठ. एका दारावर एकच. आईची उतरल्याशिवाय तिची चढणार नाही. मी तिला हवामानाबद्दल सांगायचो, चिमण्या सगळीकडेच कमी झाल्याबद्दल सांगायचो.

परवा दुपारी व्हिडिओवर होती. मी फोन घेऊन बाल्कनीत गेलो आणि झालर दाखवली. “हे पाह्य. जशीच्या तशी. आता मी तरी काय करू?”

ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, “पापा, एक बात बोलूँ? बुरा मत मानना.”

“बोल.”

“वो जाली के अंदर टँगी है. चिड़िया आएगी किधर से?”

मी जाळीकडे बघितलं. म्हणजे जाळी आहे हे बघितलं. मग झालरीकडे, मग पुन्हा जाळीकडे. पलीकडे निळं, रिकामं आभाळ, बारीक चौकोनांत कापलेलं. वर्षभर मी रोज या चौकोनांतून बाहेर बघत चहा पीत होतो.

“तुले कधीपासून माहीत हाये?”

“पिछले साल से. जिस दिन बाँधी थी.” ती अडखळली. “मुझे लगा आपने सोच-समझ के बाँधी है. इसलिए नहीं बोला.”

मला खरंच सुचलं नव्हतं, का सुचू दिलं नव्हतं, हे मी तिला सांगू शकलो नाही. मलाच ते नक्की ठाऊक नाही. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला एखादं प्रकरण प्रलंबित ठेवायची कला अंगातच भिनलेली असते.

“कोई जल्दी नहीं है,” जुई म्हणाली. “मेरी वाली वेटिंग रूम में बैठी है. ठीक है वो.”

ठीक है म्हणाली, पण फोन ठेवताना तिने आवाज जरा जास्तच मोकळा केला. तिच्या आईची लकब ती. मुलांना नापास झाल्याचं सांगताना सुनंदा असाच आवाज काढायची.

*

तर आज बाजारातून आलो. लग्नाची झालर वर्तमानपत्रासकट खुर्चीवर ठेवली. स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि बाल्कनीत गेलो.

नायलॉनची जाळी कापायला वाटते तितकी सोपी नाही. एकेक धागा कट्ट वाजून तुटतो. ही सुनंदाने हौसेने लावून घेतलेली. माणसाकडून दोनदा ताणून घेतलेली. मधोमध खिडकीएवढं भगदाड पाडलं. समोरून वारा सरळ आत आला आणि झालर गर्रकन फिरली. मी ती हुकावरून सोडली, भगदाडातून हात बाहेर काढून कठड्याच्या बाहेरच्या बाजूने बांधली. हातातून थोडी धूळ उडाली, दोन-चार दाणे खाली गेले, चार मजले. मग आत आलो, दार लोटलं, आणि दाराच्या काचेशी खुर्ची घेऊन बसलो. शर्ट बदलायचं राहून गेलं.

शिळं झालेलं धान. चौथा मजला. या गावात चिमणी मी शेवटची कधी बघितली, हेही आठवेना. ऊन कठड्यावरून फरशीवर सरकलं. मला बाबांची आठवण झाली, दारात घड्याळ घेऊन बसलेल्या. त्यांनी आयुष्यभर गाड्यांची वाट बघितली, पण गाडीला निदान वेळापत्रक असतं.

मग पंख फडफडले.

कबुतर होतं. तेच, करडं, मानेवर हिरवट झाक, चालण्यात मालकी हक्क. कठड्यावर बसलं. भगदाडाकडे एकदा, झालरीकडे एकदा बघितलं, आणि मान पुढे काढून एक लोंबी ओढली. दाणे टपटप पडले. तेवढ्यात दुसरं आलं. मग तिसरं, आणि तेही थेट सुनंदाच्या कुंडीत उतरलं.

माझा हात आपोआप लाटण्याकडे जायला हवा होता. मी हसायला लागलो. एकट्याने, मोठ्याने, खुर्चीत बसून. इथे तिने जे कधी होऊ दिलं नाही ते आता घडत होतं: तिच्या निरोपाला तिचे शत्रू सहकुटुंब जेवायला आले होते. हे तिला सांगायला हवं होतं. हसताहसता मागे वळलो, सांगायला. मागे खुर्ची होती, आणि खुर्चीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली झालर.

फोन घेतला. आधी आत्याला लावला. तिला आता ऐकू कमी येतं. “जेवल्या का रे?” ती ओरडली.

“बसल्यात!” मीही ओरडलो. “आत्ताच बसल्यात!”

“कोन?”

कबुतरं म्हणायला तोंड उघडलं, पण ते तिला समजावता समजावता दाणे संपले असते. “आपल्याच!” म्हटलं आणि फोन ठेवला. मग जुईला दोन शब्द लिहिले, या वेळी खरोखर दोनच: टिकट काढ.

बाहेर झालर आता हलकी होऊन भिरभिरत होती. वरचा गोल उघडा पडत चालला होता, एका बाजूचे घोस संपले होते. फरशीवर वर्षभर जुन्या दाण्यांचा सडा. आता भाषणाची वेळ, असं एकदम आठवलं. उठलो, दाराची फट थोडी उघडली. कबुतरांनी माना वर केल्या. मी हात खाली ठेवले, अगदी अंगाशी.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण गेल्या वर्षी सगळं बोलून झालं होतं, आणि तिने भाषण लहान ठेवायला सांगितलं होतं. आमच्याकडे पंगत बसली की यजमान ओळीतून फिरताना जे म्हणतो, तेवढंच मला सुचलं. हळूच म्हटलं, म्हणजे उडणार नाहीत:

“सावकाश होऊ द्या.”